रेंज नसलेल्या गावात चालणारं सॉफ्टवेअर कसं निवडायचं

ग्राहकांच्या नोंदी ठेवणारी सॉफ्टवेअरं, धंद्यात ज्यांना सगळे सीआरएम म्हणतात ती, बहुतेक वेळा अशा खोलीत विकली जातात जिथे वाय-फाय झकास चालतं. विकणारा लॅपटॉप उघडतो, रंगीत आलेख दाखवतो, मग फोनवर ॲप दाखवतो. कोणीतरी विचारतं, "आणि नेट नसलं तर?" उत्तर ठरलेलं: "हो सर, ऑफलाइन चालतं." पुढे बोलणं किमतीवर जातं. या लेखात त्या एका 'हो सर'ची उलटतपासणी करायची आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून एक धंदा डोळ्यांपुढे धरू. समजा, तळोद्यात बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचा एक वितरक आहे. त्याची गिऱ्हाइकं म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातली साडेतीनशे-चारशे कृषी सेवा केंद्रं. पाच प्रतिनिधी मोटारसायकलवर फिरतात. शहादा-नंदुरबारच्या सपाटीवर, पपई-केळीच्या पट्ट्यात फिरणाऱ्या तिघांना नेटची फारशी अडचण नाही. उरलेल्या दोघांपैकी एक चांदसैली घाट चढून धडगावला जातो, दुसरा अक्कलकुव्याहून मोलगीकडे. सातपुड्यात एका वळणावर रेंज असते, पुढच्या वळणावर नसते. त्यात जूनच्या वादळात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली, की एरवी रेंज असणारं गावही गप्प होतं. आणि नेमका तोच खरिपाचा हंगाम. ऑर्डरी, मागच्या उधारीची वसुली, 'बियाणं उगवलंच नाही' ही तक्रार, सगळं एकाच पंधरवड्यात येतं.

दुर्गम भागाचं उदाहरण घेतलं म्हणून शहरातल्यांनी सुटलो असं समजू नये. रुग्णालयाच्या तळघरातल्या औषध भांडारापुढे उभा असलेला एमआर, एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मशीन दुरुस्त करणारा इंजिनिअर, शीतगृहात पेट्या मोजणारा माणूस, या सगळ्यांचा फोन तेवढा वेळ मोलगीतच असतो.

'ऑफलाइन'च्या टिकमार्कमागे काय काय असू शकतं

सगळ्यात हलका प्रकार म्हणजे नुसतं बघणं. सकाळी नेट असताना ज्या दुकानांची पानं उघडली, ती फोनने लक्षात ठेवलेली असतात. घाटात गेल्यावर तीच पानं दिसतात. न उघडलेलं दुकान दिसत नाही आणि नवीन काही लिहिता येत नाही. जाहिरातीत हेही 'ऑफलाइन'च.

त्याच्या वर फॉर्म भरून ठेवण्याची सोय. ऑर्डरचा फॉर्म भरला, तो फोनच्या रांगेत थांबला, रेंज आली की गेला. पाहणीसाठी, सर्वेक्षणासाठी हे पुरतं. वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली सुरू झालेलं ओडीके किंवा कोबोटूलबॉक्स ही साधनं या कामात मुरलेली आहेत आणि संस्था-संघटनांना फुकटात किंवा स्वस्तात मिळतात. पण दुकानदाराचं मागचं येणं, मागच्या वर्षी त्याने कोणतं वाण उचललं, परवाना कधी संपतो, हे समोर दिसत नसेल तर प्रतिनिधी आंधळेपणाने फॉर्म भरत राहतो.

तिसऱ्या प्रकारात निवडक माहिती आधीच फोनवर उतरवलेली असते आणि ती बघता, बदलता, वाढवता येते. मोठ्या कंपन्यांची सॉफ्टवेअरं साधारण या वाटेने जातात. सेल्सफोर्समध्ये याला 'ब्रीफकेस' म्हणतात: कोणाच्या फोनवर कोणत्या नोंदी जाव्यात ते कार्यालयातला माणूस ठरवतो. मायक्रोसॉफ्टच्या डायनॅमिक्समध्ये ऑफलाइन प्रोफाइल नावाची तशीच व्यवस्था आहे. सोय चांगली आहे, पण ती कोणीतरी नीट मांडून द्यावी लागते. मांडली नाही तर पैसे वरच्या सॉफ्टवेअरचे जातात आणि वापर पहिल्या प्रकारचा होतो.

चौथा प्रकार मुळापासून वेगळा बांधलेला असतो. तिथे ॲप कायम फोनमधल्याच डेटाबेसशी बोलतं, रेंज असली तरी. सर्व्हरशी, म्हणजे सगळ्यांच्या नोंदी जिथे एकत्र साठतात त्या मुख्य संगणकाशी, देवाणघेवाण हे मागच्या मागे चालणारं वेगळं काम. त्यामुळे 'नेट गेलं' असा क्षणच प्रतिनिधीच्या वाट्याला येत नाही. पडदा नेट असताना जितक्या पटकन उघडतो तितकाच नसताना. यात काही अद्भुत नाही. एसक्यूलाइट नावाचा छोटासा डेटाबेस २००० साली रिचर्ड हिप यांनी लिहिला, तो आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि आयफोनमध्ये आयताच असतो. अशी बहुतेक ॲप त्याच्यावरच उभी असतात.

आपल्या वितरकाला तिसरा किंवा चौथा प्रकार हवा. समोरचा कोणता आहे हे ओळखायला एक परीक्षा पुरते. फोन एअरप्लेन मोडवर टाका. एक नवीन दुकान नोंदवा. त्याच दुकानाच्या नावाने ऑर्डर घ्या. त्या ऑर्डरवर आगाऊ रकमेची पावती करा. मग ऑर्डरमध्ये एक माल कमी करा. हे सगळं नेट चालू करायच्या आधी जमलं पाहिजे. पुष्कळ ॲप दुसऱ्याच पायरीवर अडतात, कारण नवीन दुकानाला ओळख क्रमांक सर्व्हर देणार आणि तो मिळेपर्यंत ऑर्डर कोणाच्या खात्यावर टाकायची हे ॲपला कळत नाही. नीट बांधलेलं ॲप लांबलचक, १२८ बिटांचा यादृच्छिक क्रमांक फोनवरच तयार करतं. दोन फोनवर तोच क्रमांक निघण्याची शक्यता इतकी नगण्य, की ती सोडून देता येते.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या ॲपचाही पर्याय पुढे केला जाईल. 'इन्स्टॉल करायची गरजच नाही' म्हणून. अँड्रॉइडवर ते बरं चालू शकतं. पण ब्राउझरने साठवलेला डेटा ही ब्राउझरच्या मर्जीची गोष्ट असते. आयफोनच्या सफारीत तर मार्च २०२० पासून असा नियम आहे, की एखादी साइट सात दिवसांच्या वापरात उघडली नाही तर तिने साठवलेला डेटा पुसला जातो; होम स्क्रीनवर घेतलेल्या ॲपला त्यातून सूट आहे. न पाठवलेल्या ऑर्डरी ठेवायला माझ्या मते ही जागा नव्हे.

दोघांनी एकच नोंद बदलली तर

खरी परीक्षा रेंज परत आल्यावर होते. विक्रेत्याला विचारायचे निम्मे प्रश्न इथलेच असावेत, आणि त्याची उत्तरं विक्री विभागाकडून घेऊ नयेत, बांधणाऱ्या माणसाकडून घ्यावीत.

मोलगीतल्या एका दुकानदाराने नंबर बदलला. प्रतिनिधीने दुपारी १२ वाजता, रेंज नसताना, फोनमध्ये नवा नंबर लिहिला. १ वाजता तळोद्याच्या ऑफिसातून त्याच दुकानाची उधारीची मर्यादा ५० हजारांवरून ३० हजारांवर आणली. प्रतिनिधी ६ वाजता रेंजमध्ये आला. आता काय होतं? ज्या सॉफ्टवेअरमध्ये 'शेवटी आलेलं खरं' हा नियम पूर्ण नोंदीला लावलेला असतो, तिथे प्रतिनिधीच्या फोनवरची अख्खी नोंद सर्व्हरवरच्या नोंदीवर बसते. नंबर नवा होतो आणि मर्यादा गुपचूप परत ५० हजार. कोणाला पत्ता लागत नाही. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये हा मिलाफ रकान्या-रकान्याने होतो: नंबर फोनवरचा घेतला जातो, मर्यादा ऑफिसची राहते. दोघांनी एकच रकाना बदलला असेल तरच भांडण उरतं आणि तेही कोणाला तरी दाखवलं जातं. 'अशा वेळी कोणाचं खरं मानता?' या प्रश्नावर समोरचा अडखळला किंवा 'तशी वेळ येतच नाही' म्हणाला, तर तो मुद्दा वहीत लाल शाईने लिहावा.

पैशाच्या बाबतीत 'शेवटी आलेलं खरं' हा नियम रकान्यापुरताही चालत नाही. दुकानाचं येणं सकाळी ४८ हजार होतं. प्रतिनिधीने घाटात १० हजार रोख घेतले. त्याच्या फोनवर ३८ हजार दिसू लागले. त्याच दुपारी दुकानदाराच्या मुलाने नंदुरबारहून ऑफिसच्या खात्यावर १५ हजार पाठवले. ऑफिसात ३३ हजार झाले. आता ३८ खरं की ३३? दोन्ही चूक, उत्तर २३ हजार. जुने मुनीम हा घोळ होऊच देत नसत, कारण ते शिल्लक खोडून नवी लिहीत नसत. रोजकीर्दीत प्रत्येक व्यवहाराची ओळ पडे आणि शिल्लक ओळींवरून काढली जाई. सॉफ्टवेअरमध्येही तेच हवं. फोनने सर्व्हरला 'शिल्लक ३८ हजार' असं पाठवायचं नाही, '१० हजार आले' एवढंच पाठवायचं. चुकलेली पावतीही खोडायची नाही, तिच्याविरुद्ध उलटी नोंद टाकायची. डेमोमध्ये येण्याचा आकडा थेट टाइप करून बदलता येत असेल तर समजा, आतली मांडणी कच्ची आहे.

मालाचं दुखणं मात्र सॉफ्टवेअरच्या हातचं नाही. गोदामात कापसाच्या एका वाणाची १२० पाकिटं उरली आहेत आणि दोन प्रतिनिधींनी रेंजबाहेर प्रत्येकी ९० विकली. कोणतंही ॲप घाटाच्या दोन बाजूंना असलेल्या दोन फोनांना एकमेकांचं ऐकू देऊ शकत नाही. इथे धंद्याचा नियमच ठरवावा लागतो. एक तर हंगामात दर प्रतिनिधीला कोटा वाटून द्यायचा आणि ॲपने त्या कोट्याबाहेर जाऊ द्यायचं नाही. नाहीतर रेंजबाहेर घेतलेल्या प्रत्येक ऑर्डरवर 'मंजुरी बाकी' असा शिक्का ठेवायचा आणि दुकानदाराला तसं तोंडावर सांगायचं. मला पहिला मार्ग पटतो. 'बघून कळवतो' म्हणणाऱ्या प्रतिनिधीपेक्षा 'माझ्याकडे ४० आहेत, घेता का' म्हणणाऱ्याला दुकानदार आधी बसवून घेतो.

याच प्रकरणातला आणखी एक सापळा. फोनने ऑर्डर पाठवली, सर्व्हरला पोचली, पण 'पोचली' हा निरोप परत येण्याआधी रेंज गेली. फोनला वाटतं गेली नाही, म्हणून तो परत पाठवतो. गोदामातून दोनदा माल निघतो. प्रत्येक ऑर्डरला फोनवरच कायमचा क्रमांक दिलेला असेल आणि सर्व्हर तो क्रमांक पाहून दुसरी प्रत टाकून देत असेल, तर हे टळतं. तपासणं सोपं आहे: ऑर्डर पाठवायला लागताच एअरप्लेन मोड चालू करायचा, मिनिटभराने बंद करायचा. चार-पाच वेळा करून बघा, ऑफिसच्या पडद्यावर जुळे दिसतात का.

बिलाचा क्रमांक

प्रतिनिधी नुसती ऑर्डर घेत असेल तर हा भाग सोडून द्या. पण टेम्पोत माल घेऊन जाऊन जागेवर बिल फाडायचं असेल, तर जीएसटीचे नियम आणि नसलेली रेंज यांची गाठ पडते.

केंद्रीय जीएसटी नियमांतला ४६ वा नियम सांगतो, की बिलाचा क्रमांक ओळीने हवा, १६ अक्षरांच्या आत हवा आणि आर्थिक वर्षात पुन्हा येता कामा नये. सर्व्हर क्रमांक देणार असेल तर रेंजबाहेर बिल होत नाही. दोन फोनांनी आपापल्या मनाने पुढचा क्रमांक घेतला तर तो दोनदा येणार. सुटका त्याच नियमात आहे: एकापेक्षा अधिक मालिका चालतात. म्हणून दर प्रतिनिधीला स्वतंत्र अक्षराची मालिका द्यायची आणि अनुक्रम त्याच्या फोनने सांभाळायचा. सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे का ते विचारायला विसरतात लोक.

पण २०१७-१८ पासून कोणत्याही वर्षात ५ कोटींच्या वर उलाढाल गेलेल्या व्यापाऱ्याला १ ऑगस्ट २०२३ पासून दुसऱ्या व्यापाऱ्याला दिलेल्या बिलासाठी ई-इन्व्हॉइस लागतं. म्हणजे सरकारी पोर्टलवरून नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड आल्याशिवाय ते बिल कायद्याने बिलच नाही. हे रेंजबाहेर होणं शक्य नाही. खताचा वितरक ही मर्यादा सहज ओलांडतो. त्याच्यासाठी घाटात ऑर्डर आणि ऑफिसात बिल हीच वाट उरते. कोणी 'आमच्या ॲपमध्ये ऑफलाइन ई-इन्व्हॉइस होतं' म्हणालं, तर आधी कर सल्लागाराला फोन लावावा.

दारातच अडवणारी ॲप

आतली मांडणी उत्तम असूनही ॲप घाटात निकामी ठरल्याची कारणं बहुतेक वेळा फार साधी असतात. लॉगिनची मुदत संपते आणि ॲप ओटीपी मागतं. ओटीपी यायला रेंज हवी. प्रतिनिधीच्या फोनमध्ये सगळी माहिती आहे, पण दार बंद. म्हणून विचारा: एकदा लॉगिन केल्यावर नेटशिवाय किती दिवस चालतं, आणि त्या काळात उघडायला पिन किंवा बोटाचा ठसा पुरतो का? तसंच 'नवी आवृत्ती घ्या, मगच पुढे' असा हट्ट धरणारं ॲप सकाळी ८ वाजता धडगावच्या स्टँडवर डोकं फिरवतं. आवृत्ती बदलताना न पाठवलेल्या नोंदी शाबूत राहतात ना, हेही करून बघावं.

रेंज अजिबात नसणं तसं सोपं. एक काडी असते आणि नसल्यासारखी असते, तेव्हा खरा त्रास. फोन म्हणतो नेट आहे, ॲप सर्व्हरकडे विचारणा करतं आणि चक्र फिरत बसतं. चौथ्या प्रकारच्या ॲपमध्ये हा प्रसंग येत नाही, कारण ते आधी फोनमधलंच दाखवतं. इतरांची परीक्षा घ्यायला फोनची सेटिंग २जीवर लावून अर्धा तास काम करून पाहा. एअरप्लेन मोडमध्ये पास होणारी काही ॲप इथे गळतात.

आणि बॅटरी. अँड्रॉइडने २०१५ साली, सहाव्या आवृत्तीपासून, वापराविना पडून असलेल्या फोनमधली मागची कामं आवरती घ्यायला सुरुवात केली. नियमित अंतराने करायच्या कामांसाठी जी अधिकृत सोय आहे, तीत दोन फेऱ्यांमधलं अंतर १५ मिनिटांपेक्षा कमी ठेवता येत नाही. शिवाय स्वस्त फोनांतल्या बॅटरी वाचवणाऱ्या करामती ॲपला पार झोपवून टाकतात. परिणाम असा, की प्रतिनिधी रेंजमधून गेला तरी नोंदी गेल्याच नाहीत. त्यामुळे 'सगळं आपोआप होतं' या आश्वासनापेक्षा मला पडद्यावरचा एक आकडा जास्त विश्वासाचा वाटतो: 'पाठवायच्या बाकी: ७'. त्याच्या शेजारी 'आता पाठवा' हे बटण. चहाच्या टपरीवर रेंज मिळाली, बटण दाबलं, आकडा शून्य झाला, फोन खिशात.

फोनवर किती भरायचं

चारशे दुकानं, त्यांचे दोन वर्षांचे व्यवहार, मालाची यादी, दर आणि स्कीम, हे सगळं अक्षरांत असेल तर काही एमबीत बसतं. जागा खातात ते फोटो. दिवसाला २० भेटी, प्रत्येकी ३ एमबीचा एक फोटो, आठवड्याचे सहा दिवस: ३६० एमबी. ॲपने तोच फोटो १५० केबीवर आणला तर १८ एमबी. न उगवलेल्या वाफ्याचा किंवा पिशवीवरच्या लॉट नंबरचा फोटो एवढ्यात स्पष्ट वाचता येतो. फोटो आणि ऑर्डर यांची रांगही वेगळी हवी, म्हणजे दोन काड्यांच्या रेंजवर आधी ऑर्डर जाईल आणि फोटो रात्री घरच्या वाय-फायवर जातील. दर वेळी सगळं नव्याने उतरवायचं की फक्त बदललेलं, हाही प्रश्न विचारावा. सगळं उतरवणारं ॲप रोजचा डेटा पॅक सकाळीच संपवतं.

प्रत्येकाच्या फोनवर फक्त त्याच्या रूटची दुकानं असावीत. ही काटकसर जागेसाठी तर आहेच, त्याहून जास्त सुरक्षेसाठी. बीट सोडून स्पर्धकाकडे गेलेल्या प्रतिनिधीच्या खिशात सगळ्या जिल्ह्याचे दर आणि उधाऱ्या असणं परवडत नाही. 'फोन हरवला तर आम्ही लांबून पुसतो' असं विक्रेते सांगतात, पण पुसण्याचा हुकूम पोचायलाही फोन नेटवर यावा लागतो. त्याला जोड म्हणून फोनमधला डेटा कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टेड, हवा आणि ठरावीक दिवस सर्व्हरशी गाठ पडली नाही तर ॲपने स्वतःहून बंद व्हायला हवं. मुदत किती, हे तुमच्या भूगोलावर ठरवा. सातपुड्यासाठी सात दिवस ठीक, एक दिवस म्हणजे छळ.

शेतकऱ्यांची नावं, नंबर, शेताची माहितीही गोळा करत असाल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तुमच्यापर्यंत पोचतो. कायदा ऑगस्ट २०२३चा, नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. डेटा सांभाळण्यात हलगर्जी झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. तळोद्याच्या वितरकाला कोणी एवढा दंड करणार नाही हे खरं, पण आधार कार्डाचे फोटो 'असू द्या' म्हणून साठवायची सवय आजच मोडलेली बरी.

मराठी, गावांची नावं आणि माणसं

२०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. तक्रारी अशा, की फोन कमी क्षमतेचे, तापतात, अडकतात, आणि ज्यात नोंदी करायच्या ते पोषण ट्रॅकर ॲप इंग्रजीत. वितरकाने यातून दोन गोष्टी उचलाव्यात. चाचणी स्वतःच्या नव्या फोनवर न घेता टीममधल्या सगळ्यात जुन्या, व्हॉट्सॲपच्या शुभ-सकाळ चित्रांनी गच्च भरलेल्या फोनवर घ्यावी. आणि मेनू मराठीत आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. शोध मराठीत चालतो का ते बघावं, तोही नेट बंद असताना. 'शिंदे' देवनागरीत लिहिलं तर रोमन लिपीत नोंदवलेलं दुकान सापडतं का? सापडत नसेल तर प्रतिनिधी ते नव्याने नोंदवणार, आणि एकाच दुकानाची तीन खाती होणार.

गावांचं तर विचारूच नका. पिंपळगाव, वडगाव, नांदगाव राज्यात किती आहेत! गाव टाइप करू न देता यादीतून निवडायला लावावं आणि त्यामागे केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीतला गावाचा क्रमांक जोडावा. ती यादी एका जिल्ह्यापुरती फोनवर सहज मावते. दुकानाच्या पानावर बियाणं, खत आणि कीटकनाशक या तिन्ही परवान्यांचे क्रमांक आणि मुदती वेगवेगळ्या रकान्यांत असाव्यात, कारण तिन्ही परवाने वेगवेगळे मिळतात. मुदत संपलेल्या दुकानाची ऑर्डर घेताना ॲपने रेंज नसतानाही टोकायला हवं. तयार सॉफ्टवेअरमध्ये असे रकाने स्वतः वाढवता येतात का, आणि वाढवलेले रकाने ऑफलाइनही दिसतात का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा बहुतेक जण विचारत नाहीत.

लोकेशनचा विषय नाजूक. मालकाला ते पहिल्यांदा हवं असतं, प्रतिनिधीला ते सगळ्यात शेवटी. जीपीएसला इंटरनेट लागत नाही, ते उपग्रहांकडून थेट मिळतं. नेट असताना फोन उपग्रहांची माहिती पटकन मागवून घेतो, नसताना ती आकाशातून यायला मोकळ्या जागेत अर्धा मिनिट किंवा जास्त लागतं. म्हणून 'रेंज नव्हती म्हणून लोकेशन आलं नाही' हे कारण पुरतं खरं नसतं, पण दुकानाच्या आत उभं राहून ते चटकन न मिळणं शक्य असतं. फोनचं घड्याळ मागे-पुढे करता येतं, त्यामुळे भेटीची वेळ, जीपीएसची वेळ आणि सर्व्हरवर पोचण्याची वेळ तिन्ही वेगळ्या नोंदवलेल्या बऱ्या. यापलीकडे, दिवसभर माणसाच्या मागे टिंब फिरवत ठेवणाऱ्या सोयीला माझा विरोध आहे. ती बॅटरी खाते आणि प्रतिनिधीला फोन बंद ठेवण्याचं निमित्त देते. भेट नोंदवताना एकदा लोकेशन घेतलं की पुरे. बदल्यात त्याला काहीतरी द्या: टीए-डीएचा, म्हणजे प्रवास आणि दैनिक भत्त्याचा, हिशेब त्याच भेटींवरून आपोआप निघत असेल तर तोच संध्याकाळी भेटी राहिल्यात का ते तपासेल.

घ्यायच्या आधी

तीन माणसं आणि साठ दुकानं असतील तर यातलं काहीच घेऊ नये. टॅली, पावती पुस्तक आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप एवढ्यात ते भागतं. माणसं पाचांवर गेली, किंवा वसुलीचे आकडे दर महिन्याला जुळेनासे झाले, की मग विचार करावा. हिशेब टॅलीत असेल तर ऑर्डर आणि पावत्या तिकडे कशा जाणार हे आधी बघा. हाताने परत टाइप करायचं असेल तर ऑफिसातल्या माणसाचं काम दुप्पट होतं आणि दोन महिन्यांत तो हे सॉफ्टवेअर बंद पाडतो. दर माणशी दर महिना आकारला जातो, तेव्हा ऑफलाइन सोय नेमक्या कोणत्या प्लॅनमध्ये आहे ते कोटेशनवर लिहून घ्या.

चाचणी जानेवारीत घेऊ नका. त्या वेळी सगळंच चालतं. मोलगीचा एक रूट जूनमध्ये द्या, जोडीला छापील पावती पुस्तक चालू ठेवा, आणि दर शनिवारी पुस्तकातल्या पावत्या व सर्व्हरवरच्या पावत्या एकेक करून जुळवा. फरक आला तर तो कोणत्या दिवशी, कोणत्या रेंजमध्ये पडला ते प्रतिनिधीकडूनच कळेल. सही करण्याआधी करारात हेही घाला, की सोडायचं ठरलं तर दुकानं, व्यवहार आणि फोटो एक्सेलमध्ये उघडतील अशा रूपात परत मिळतील, आणि त्या दिवशी फोनांवर अडकलेल्या नोंदी उतरवून घ्यायला पंधरा दिवस सर्व्हर चालू राहील.